तीनदा भरलेला तडा चौथ्यांदा भरण्याआधी: जुन्या चेन लोडरची बकेट

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधेच वाचणाऱ्यालाही कळेल. सेकंडहँड कॅट ९५५ एल (कॅटरपिलरचा चेनवर चालणारा लोडर) घेतलीय, मुरमाच्या खाणीत आणि रानं सपाट करायला चालवता. बकेटच्या उजव्या कोपऱ्यात लिपच्या, म्हणजे तोंडाच्या पुढच्या जाड प्लेटच्या, धारेपासून आत १४ इंच तडा गेलाय. गावातल्या वेल्डरने तीनदा भरला, दर वेळी पंधरा दिवसात नाहीतर महिन्याभरात तिथंच उघडला, एकदा तर भरलेल्या वेल्डिंगला चिकटून बाजूने गेला. आता तो म्हणतोय वरून जाड पट्टी मारू, आणि तुम्ही विचारताय पट्टी किती जाडीची घेऊ.

पट्टी आत्ता मारूच नका. पट्टीबद्दल पुढं सांगतो, पण आधी तडा उजव्याच कोपऱ्यात का येतोय हे बघा, नाहीतर कितीही जाड पट्टी मारली तरी तडा पट्टीच्या कडेकडेने वाट काढणार आणि मग दुरुस्तीला आधीपेक्षा दुप्पट जागा खराब झालेली असणार.

मी कोल्हापूर भागात हेवी मशिनरीचं फॅब्रिकेशन करतो, पंचवीसेक वर्षं झाली. आता सगळीकडे एक्सकॅव्हेटर आणि जेसीबी, चेनवाले लोडर वर्षाला एखाद-दुसरेच येतात, जुन्या धरणाच्या कामांवरून लिलावात फिरत फिरत आलेले. पण ९५५ एल म्हणजे सत्तरच्या दशकातलं दणकट मशीन, ३३०४ इंजिन, १३० हॉर्सपॉवर, दीड घनमीटरच्या आसपास बकेट. टायरवाला लोडर जिथं नुसता चाक फिरवत बसतो तिथं चेनवाला ढिगात घुसतो, आणि नेमकं त्यामुळंच बकेटवर ताण जास्त येतो. टायर घसरला की मशीन आपोआप दम टाकतं, चेन सहजी घसरत नाही, सगळा जोर बकेटच्या तोंडावर जातो. त्यात वळताना एका बाजूची चेन धरली जाते आणि दुसरी चालते, त्या वेळी बकेट ढिगात असली की एकाच कोपऱ्यावर आडवा पीळ बसतो.

तर पहिलं काम वेल्डिंग नाही, धुणं. बकेट प्रेशरने स्वच्छ धुवा, मागची बाजू पण, ग्रीसचे थर खरवडून काढा. मग मशीन सपाट काँक्रीटवर उभं करा (वजनकाट्याजवळ नाहीतर पेट्रोल पंपाच्या मागं अशी जागा मिळते), बकेट हळू खाली टेकवा आणि लिपच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला फट बघा. एक बाजू टेकली आणि दुसरीकडे बोट जाईल एवढी फट असेल तर एकतर बकेटच पिळलीय, नाहीतर बकेट आर्मला जोडणाऱ्या एका बाजूच्या पिना-बुश गेलेत, नाहीतर चेसिस एका बाजूला बसलंय. कुठलं ते ओळखायला बकेटचं स्वतःचं माप घ्या, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट, दोन्ही कर्ण. दोन्हीत ५-७ मिमीचा फरक असला तर जुन्या बकेटला चालतो, २०-२५ निघाला तर बकेट तिरकी आहे. कर्ण बरोबर आणि तरी जमिनीवर फट, म्हणजे दोष पिनांकडे किंवा खालच्या गाडीकडे.

दुसरं म्हणजे स्टॉपर बघा. ही गोष्ट शंभरातले नव्वद वेल्डर बघत नाहीत. बकेट पूर्ण पालथी केली की एका जागी तिचा मागचा भाग आर्मवरच्या ठोकळ्याला टेकतो, दोन्ही बाजूला एकेक ठोकळा असतो. काळ्या मातीत काम करताना बकेटला चिकटलेला चिखल पाडायला ऑपरेटर बकेट धाडधाड आपटतो, तो या ठोकळ्यांवरच आपटतो. वर्षानुवर्षं आपटून ठोकळे झिजतात आणि दोन्ही सारखे कधीच झिजत नाहीत. उजवा जास्त झिजला असेल तर डावा आधी टेकतो, डावी बाजू थांबते, उजवी अजून चालायला बघते, आणि दर आपटण्याला बकेट एवढीशी पिळली जाते. एकदा पिळली तर काही होत नाही. दिवसाला दोनशेदा पिळली तर जिथं सगळ्यात कमकुवत जागा, म्हणजे जुनं वेल्डिंग, तिथं तडा जाणार. तुमचा तडा तीनदा एकाच कोपऱ्यात गेलाय हे वाचल्यावर मला पहिला संशय याचाच आला. बघायला सोपं आहे, बकेट सावकाश पालथी करायला लावा, ऑपरेटरला टेकताक्षणी थांबायला सांगा, मशीन बंद करा, आर्मला खालून पक्का टेकू लावा आणि मगच जवळ जाऊन दुसऱ्या ठोकळ्यात किती फट राहिली ते बघा. वर उचललेल्या बकेटखाली नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर जायचं नाही, होज फुटायला वेळकाळ लागत नाही.

आता लोखंडाकडे येऊ, कारण तुमच्या वेल्डरची खरी चूक इथं आहे. त्याला दोष देत नाही, गेट-ग्रिल करणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही. बकेट म्हणजे एकाच जातीचं लोखंड नाही. मागचा गोल पत्रा आणि बाजूच्या प्लेटा साधारण मऊ स्टीलच्या, पण लिप म्हणजे पुढची जाड पट्टी जास्त कार्बनच्या, उष्णता देऊन कडक केलेल्या स्टीलची असते. खात्री करायला फाईल मारून बघा, बाजूच्या प्लेटवर ती लगेच धरते आणि चूर निघतो, लिपवर घसरते, जोर लावावा लागतो. ग्राइंडर मारला तर ठिणग्यांतही फरक दिसतो, मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांसारख्या, कार्बनवाल्याच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात.

या कडक लिपवर थंडगार अवस्थेत साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड मारला की काय होतं? वेल्डिंगचा वितळलेला रस दीड हजार डिग्रीच्या वरचा, शेजारची २५ मिमीची प्लेट थंड, ती जाड प्लेट उष्णता क्षणात खेचून घेते, आणि वेल्डिंगच्या कडेची दोन-तीन मिमीची पट्टी पाण्यात बुडवल्यासारखी कडक आणि ठिसूळ होते, काचेसारखी. त्यात ६०१३ च्या कोटिंगमधून हायड्रोजन येतो, तो त्या ठिसूळ पट्टीत अडकून बसतो, आणि वेल्डिंग थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आतून बारीक तडा पडतो. वरून वेल्डिंग सुंदर दिसतं! म्हणून तुमचा तडा वेल्डिंगमधून न जाता वेल्डिंगला चिकटून बाजूने गेला. रॉड तुटला नाही, शेजारचं लोखंड तुटलं. चौथ्यांदा तसंच भरलं तर चौथ्यांदा तसंच तुटेल.

म्हणून बकेट मशीनवरून उतरवा. मशीनवर ठेवून पण होतं, पण या कामात दोन्ही बाजूंनी वेल्डिंग लागणार आहे आणि उलटी-सुलटी करायला लागणार आहे. लिप-दातांसकट टनभर वजन धरूनच हायड्रा (क्रेन) बोलवा. बकेट पालथी-सुलटी करणारा टिल्ट सिलेंडर लोंबकळत सोडू नका, दोरीने आर्मला बांधा. पिना निघत नसतील तर घणाने सरळ पिनेवर मारू नका, पिना कडक असतात, टवका उडून डोळ्यात जातो. मधे पितळेचा नाहीतर मऊ लोखंडाचा गज धरा आणि चष्मा घाला. काही कारणाने मशीनवरच वेल्डिंग करावं लागलं तर बॅटरीची केबल काढा, अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, वेल्डिंगच्या जवळ लावा, आर्मवर किंवा चेसिसवर नाही. नाहीतर करंट पिना-बुशमधून फिरतो, तिथं स्पार्क पडून खड्डे होतात. सिलेंडरच्या चकचकीत रॉडवर ओला जाड कपडा गुंडाळा, एक ठिणगी चिकटली की सील गेलं समजा.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. बकेटच्या मागं आडवी बंद पेटी असते, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली, ताकदीसाठी. जुन्या बकेटांत तिला कुठंतरी बारीक फट पडलेली असते आणि आत पाणी, ग्रीस, चिखल साठलेला असतो. मी नवा असताना अशाच एका बकेटवर गॅस लावून तापवत होतो, दहा मिनिटांत आतून बंदुकीसारखा आवाज झाला आणि जुन्या वेल्डिंगची शिवण फाटून गरम चिखल समोरच्या भिंतीवर! माझा हेल्पर नेमका पाणी प्यायला गेला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून तापवण्याआधी पेटीला खालच्या बाजूने १० मिमीचं होल पाडतो, पाणी-ग्रीस निथळून जाऊ देतो, काम संपल्यावर होल भरून टाकतो. ड्रिलनेच पाडायचं, गॅसने नाही.

आता तडा. माझा उस्ताद म्हणायचा, तडा भरायचा नसतो, काढायचा असतो. म्हणजे जिथवर तडा आहे तिथवरचं सगळं लोखंड खरवडून बाहेर काढायचं आणि मग ती जागा नव्याने भरायची. तुमच्या बाबतीत तर आधीच्या तीन वेल्डिंगचा सगळा माल पण काढायचा आहे. तडा डोळ्याला १४ इंच दिसतो, पण खरं टोक पुढं असतं. डीपीचा, म्हणजे रंग मारून तडा दाखवणाऱ्या तपासणीचा, सेट आणा, तीन डबे येतात, क्लीनर, लाल आणि पांढरा. आधी साफ करा, लाल मारून १०-१५ मिनिटं थांबा, कपड्याने पुसा (क्लीनर कपड्यावर घ्या, थेट फवारू नका, नाहीतर तड्यातला लाल पण धुऊन जातो), मग पांढरा मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते ती जिथं संपते ते खरं टोक. खडूने खूण करा, आणि त्याच्याही पुढं ४०-५० मिमीपर्यंत खरवडायचं. टोकाला होल पाडून तडा थांबवायची पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ती वाईट नाही, पण ती साइटवर तात्पुरतं काम भागवण्यासाठी. पूर्ण खरवडणार असाल तर होलाची गरज नाही, आणि कडक लिपमध्ये साधं ड्रिल टिकतही नाही.

खरवडायला कार्बन रॉडचं गाउजिंग (आर्कने लोखंड वितळवून हवेने उडवायचं) सगळ्यात चांगलं, कॉम्प्रेसरची हवा ६-७ बार पाहिजे. वेल्डिंग मशीन ताकदवान लागतं, १० मिमीच्या कार्बन रॉडला ४०० अँपिअरच्या आसपास, घरगुती इन्व्हर्टरवर होणार नाही. ते नसेल तर ७ इंची ग्राइंडर आणि धीर. गॅस कटरने तडा उडवायला जाऊ नका, कड वेडीवाकडी येते आणि तडा नेमका कुठं संपला ते वितळलेल्या मालाखाली झाकून जातं. आणि लिपला गाउजिंग करण्याआधी पण कोमट करून घ्या, थंड कडक लिपवर कार्बनचा आर्क मारला तर त्यानेच नवीन बारीक तडे पडतात. गाउजिंग झाल्यावर कडेला काळी-निळी कार्बनची पातळ साल राहते, ती ग्राइंडरने मिलिमीटरभर घासून चकचकीत लोखंड येईपर्यंत काढायचीच. आमच्याकडे नवीन पोरं हाच भाग टाळतात. मग परत डीपी. लाल रेघ दिसली तर अजून खरवडा.

खाच एकाच बाजूने खोल मारण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी मारा. हिशोब सांगतो, २५ मिमी जाडी, १४ इंच म्हणजे ३५० मिमी लांबी, ६० डिग्रीची खाच, तळात २-३ मिमी फट. एकाच बाजूने केली तर साधारण सव्वा किलो माल भरावा लागतो, दोन्ही बाजूंनी केली तर पाऊण किलोच्या आत. कोटिंग, राहिलेले तुकडे, उडालेला माल धरून एकाच बाजूच्या खाचेला दोन किलोच्या आसपास रॉड, दोन्ही बाजूंच्या खाचेला सव्वा किलो. रॉड वाचतो हा फायदा छोटा, खरा फायदा म्हणजे माल कमी म्हणजे आकुंचन कमी, आणि दोन्ही बाजूंनी सारखं आकसल्यामुळं लिप वाकडी होत नाही.

रॉड ७०१८ घ्या. ७० म्हणजे ताकद, चौरस इंचाला ७०,००० पौंड, आणि शेवटचं १८ म्हणजे लो हायड्रोजन, आपल्याला हवं ते हेच. पण पुडा फोडून चार दिवस शेडमध्ये पडलेला ७०१८ हा नावाचाच ७०१८, तो हवेतली ओल पितो. पावसाळ्यात तर विचारूच नका. ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास भाजून घ्यायचा आणि लागेल तसा गरम डब्यातून एकेक काढायचा. ओव्हन नसेल तर नवीन सीलबंद पुडा आणा आणि फोडल्यापासून तीन-चार तासात संपवा. हातात रॉड गरम लागला पाहिजे एवढं साधं लक्षात ठेवा. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर ७०१८ नीट पेटत नाही, चिकटतो, म्हणून वेल्डर लोक टाळतात, डीसी मशीन घ्या आणि रॉड प्लसला लावा. तळाचा पहिला रन (वेल्डिंगची एक ओळ) ३.१५ मिमीच्या रॉडने ९० ते १२० अँपिअर, वरचे ४ मिमीने १४० ते १८०.

आता तापवणं. यात कंजूषी करणारे खूप, आणि बाकी सगळं बरोबर करून इथं काम घालवतात. खाचेच्या दोन्ही बाजूला किमान ७५-१०० मिमीपर्यंत लिप १५० डिग्री होईस्तोवर सावकाश तापवायची, एका जागी ज्योत धरून लाल करायची नाही. आणि २०० च्या वर जाऊ द्यायची नाही, कारण लिपचा जो कडकपणा आपण पैसे देऊन घेतलाय तोच उतरतो. मोजायला तापमानाचा खडू मिळतो, ठरलेल्या तापमानाला वितळतो, किंवा इन्फ्रारेड गन, हजार-दोन हजारात येते. ज्योत काढल्यावर मिनिटभर थांबून मोजा, नाहीतर नुसता पृष्ठभाग गरम आणि आत थंड. आणि हे तापमान पहिल्या रनपासून शेवटच्या रनपर्यंत राहिलं पाहिजे. मधे जेवायला गेलात तर परत तापवून सुरू करायचं.

वेल्डिंगची दिशा आतल्या टोकाकडून बाहेर धारेकडे. धारेच्या बाहेर त्याच जाडीचा छोटा तुकडा टॅक मारून (ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने चिकटवून) ठेवा आणि रन त्या तुकड्यावर नेऊन संपवा, म्हणजे रनच्या शेवटी पडणारा खड्डा बकेटमध्ये न राहता तुकड्यात राहतो. काम झाल्यावर तुकडा कापून कड गुळगुळीत घासा, घासण्याच्या रेघा पण तड्याच्या दिशेला नकोत, धारेच्या लांबीच्या दिशेने घासा. रन सरळ बारीक टाका, रुंद वेलांटी मारत बसू नका. वरून दोन रन टाकले की उलटवा, खालून तळ परत चकचकीत होईस्तोवर घासा, खालून दोन, असं आलटून-पालटून. प्रत्येक रनवरची खपली (स्लॅग) ठोकून काढून ब्रश मारा. पहिला आणि शेवटचा सोडून मधल्या रनवर गरम असतानाच हलक्या हातोडीने टिपत गेलात तर ताण सुटतो, पण गरम असतानाच, गार झाल्यावर नाही.

झालं की पाणी मारायचं नाही हे सांगायला नको, पण वाऱ्यात उघडी पण ठेवायची नाही. सिरॅमिक ब्लँकेट असेल तर गुंडाळा, नसेल तर कोरड्या वाळूत नाहीतर कोरड्या राखेत पुरून रात्रभर सोडा. आणि डीपी लगेच दुसऱ्या दिवशी न करता ४८ तासांनी करा, वर सांगितलं तसं हायड्रोजनचा तडा उशिराने पडतो.

ओव्हन नाही, गॅस तापवायला नाही, शेतात भर उन्हात मशीन अडकलंय अशी वेळ आली तर ३०९ स्टेनलेसचा रॉड आहे. तो मऊ राहतो, हायड्रोजन स्वतःमध्ये धरून ठेवतो, ताण आला की थोडा ताणला जातो. महाग आहे आणि दगडात घासायला तो भाग मऊ राहतो, पण अडीनडीला मी वापरलाय. तरी जमेल तेवढं कोमट करून घ्यायचंच.

आता तुमची पट्टी. पट्टी लागतेच असं नाही. वरचं सगळं नीट केलं तर नको. पण बाजूच्या प्लेटचा आणि लिपचा कोपरा आधीच तीनदा जळलाय, तिथं आधार द्यायचाच असेल तर मागच्या बाजूने, घासली जात नाही तिथं द्या. जाडी मूळ प्लेटपेक्षा जास्त नको, लिपच्या निम्मी म्हणजे १२ पुरे. आकार चौकोनी नको, शंकरपाळ्यासारखा तिरपा, कोपरे गोल केलेले. चौकोनी पट्टीची आडवी कड तड्याला आमंत्रण देते, सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. आणि लिपच्या धारेला समांतर, धारेच्या अगदी जवळ आडवा रन मारू नका.

तुम्ही लिहिलंय की तळ पण पातळ झालाय. किती पातळ ते मोजा. जाडी मोजायचं मीटर नसेल तर तळाच्या मधे आणि मागच्या टाचेजवळ ६ मिमीचं होल पाडून वाकड्या तारेने जाडी बघा, मग होल भरा. मूळ १२ असेल आणि ८-९ राहिली असेल तर खालून मागे-पुढे जाणाऱ्या तीन-चार पट्ट्या मारून वर्ष-दोन वर्षं काढा. ६ च्या खाली गेली असेल तर तो भाग कापून नवीन टाका. वरून अख्खी दुसरी प्लेट चढवायचा मोह होतो, स्वस्तात होतं म्हणून, पण २ मीटर बाय ९० सेंटीमीटर, १२ ची प्लेट १७० किलो भरते. सुट्या मुरमाचा घनमीटर दीड टनाच्या पुढे धरला तर दर फेरीला घनमीटरचा दहावा भाग कमी उचलला, दिवसभर, डिझेल तेवढंच जाळून. शिवाय दोन प्लेटांच्या मधे पाणी शिरतं ते वेगळंच.

तळ कापायचा असेल तर कापायच्या आधी बकेटच्या तोंडात आडवं चॅनेल टॅक मारा, वर एक, खाली एक. नाहीतर तळ निघाल्याबरोबर बाजूच्या प्लेटा आत येतात आणि परत ताणून बसवताना बकेट कायमची तिरकी. आणि दोन्ही कानांच्या (बकेटच्या मागच्या, पीन बसते त्या प्लेटांच्या) होलांतून एक सरळ शाफ्ट आरपार घालून ठेवा, वेल्डिंग पूर्ण होऊन गार होईपर्यंत काढू नका. मधेमधे शाफ्ट हाताने फिरवून बघा. फिरायचा बंद झाला की कान ओढला गेलाय, तिथंच थांबा, दुसऱ्या बाजूने रन टाका. हा शाफ्ट काय सांगतो ते टेपला पण कळत नाही.

कानांची होलं लांबट झाली असतील तर व्हर्नियरने चार दिशांना मोजा. मिलिमीटरभर फरक आहे तोवर नवीन पीन-बुशवर भागेल. त्याच्या पुढं गेलं तर होल वेल्डिंगने भरून जागेवरच लाइन बोरिंग (दोन्ही होलं एका रेषेत कोरणं) करून घ्या, पोर्टेबल मशीन घेऊन येणारे मिळतात. कानाच्या बाहेर वॉशर वेल्ड करून होल लहान करायचा उद्योग मात्र नको. ते वॉशर महिन्यात गळून पडतं आणि तोवर पीन खराब करून ठेवतं.

दातांचं थोडक्यात, अ‍ॅडॉप्टरला (दात ज्यावर बसतो त्या तुकड्याला) पण लिपइतकंच तापवायचं, आणि वेल्डिंग धारेपर्यंत आणायचं नाही, धारेच्या इंचभर आत थांबवायचं. बोल्टची कटिंग एज (लिपवर बसवलेली बदलता येणारी धार) असेल तर पहिल्या दिवसाच्या कामानंतर बोल्ट परत कसा, आणि एका बाजूने घासली की मूळ लिपला लागायच्या आत उलटी करा.

हार्डफेसिंगबद्दल (झीज कमी व्हावी म्हणून वरून कडक मालाचे रन टाकणं) तुम्ही विचारलं नाही पण कुणीतरी सांगणारच. करा, पण दुरुस्त केलेल्या तड्यावर आणि धारेच्या टोकावर नको, कारण हार्डफेसिंगच्या थराला आडवे बारीक तडे पडतातच, ते त्याच्या स्वभावातच आहे, आणि ते खाली लिपमध्ये उतरायला बघतात. काळा दगड असेल तर रन मालाच्या वाहण्याच्या दिशेने टाका, दगड त्यावरून घसरत जातो. बारीक मुरूम-वाळू असेल तर आडवे टाका, मधल्या खाचांत मुरूम भरून बसतो आणि मुरूमच मुरमावर घासतो. दोन थरांच्या वर जाऊ नका, टवके उडतात.

राहिला स्टॉपर. झिजलेल्या ठोकळ्यावर प्लेट चढवून दोन्ही बाजू एकदम टेकतील असं करा, कागदाची पट्टी दोन्हीकडे धरून बघा, दोन्ही एकाच वेळी अडकल्या पाहिजेत. हे बकेट बसवल्यावर करायचं, आधी नाही. आणि ऑपरेटरला कळेल असं सांगा की चिखल पाडायला आपटायचं नाही, संध्याकाळी फावड्याने काढायचा, आणि कोपरा ढिगात रुतलेला असताना चेन धरून मशीन वळवायचं नाही, आधी मागं घ्यायचं. तो ऐकेल का हे मला माहीत नाही, माझ्याकडचे अर्धे ऐकत नाहीत.

कामाला हात लावायच्या आधी दोन्ही स्टॉपरचे फोटो टाका, शेजारी मोजपट्टी धरून, आणि डीपीनंतर तड्याच्या टोकाचा एक. टोक जर बाजूच्या प्लेटमध्ये वर चढलेलं दिसलं तर वरचं सगळं लागू राहील पण खाच कशी मारायची ते वेगळं सांगावं लागेल, कारण तिथं कोपऱ्यात दोन जातींचं लोखंड एकत्र येतं.